द्राक्षबागेतले फ्रॉस्ट स्प्रिंकलर: स्प्रिंकलरला ५ पैकी ४, फिटरला १

आम्ही कॅलिफोर्नियात, मेंडोसिनो काउंटीत युकायाजवळ राहतो, दोन एकर शार्डने, म्हणजे पांढऱ्या वाइनची द्राक्षं आहेत. ही जात लवकर फुटते, आणि मार्च-एप्रिलमध्ये कोवळी फूट निघाली रे निघाली की एखाद्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पारा शून्याखाली जातो आणि सकाळी सगळं काळं. म्हणून या फ्रॉस्टपासून, म्हणजे गोठवणाऱ्या थंडीपासून वाचायला वेलींच्या वर पाइपांवर पितळी इम्पॅक्ट (पाण्याच्या माऱ्याने टकटक फिरणारे) स्प्रिंकलर बसवून घेतले. वापरून झालेत, आता लिहायला हरकत नाही.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, एवढ्या थंडीत वेलीवर पाणी मारायचं म्हणजे डोकं ठिकाणावर आहे का. आहे. पाण्याचा बर्फ होताना ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सुटते, ती फुटीला मिळते आणि बर्फाच्या आत फूट शून्याच्या आसपासच टिकून राहते. पण पाणी सतत पडत राहिलं पाहिजे हं, कारण बाष्पीभवन त्याच्या सातपट उष्णता ओढून घेतं, त्यामुळे मध्येच पंप बंद पडला आणि थोडा वारा सुटला तर ओली बाग कोरड्या बागेपेक्षा जास्त जळते. डिझेल टाकी संध्याकाळीच फुल्ल करा.

उजाडताना बर्फ नीट बघायचा. पारदर्शक असेल, आतलं पान स्पष्ट दिसत असेल आणि टोकाला पाणी टपकत असेल तर काम झालं. पांढरट, दुधी दिसला तर पाणी कमी पडतंय. आमच्या खालच्या कोपऱ्यात नेमका दुधीच, आणि तिथली फूट गेली. कारण काय, तर फिटरने नेहमीच्या सिंचनाची सावकाश फिरणारी हेड (स्प्रिंकलरची फिरती तोंडं) लावून दिली होती. फ्रॉस्टसाठी एक फेरी मिनिटाच्या आत व्हायला हवी. फोन केला तर म्हणे पाणी तर पडतंय ना! शेवटी हेड आम्हीच बदलली, तेव्हापासून तो कोपरा पण ठणठणीत.

एक स्टार कापला तो पाण्यासाठी. एकरी मिनिटाला साधारण २०० लिटर लागतं, म्हणजे दोन एकराला आठ तासांत जवळजवळ दोन लाख लिटर, तेही एका रात्रीत, आणि अशा रात्री लागोपाठ येतात. स्वतःचं तळं नसेल तर या भानगडीत पडूच नका. इकडे २००८ च्या एप्रिलमध्ये सगळ्यांनी एकदम पंप लावले, रशियन रिव्हर या आमच्या नदीच्या ओढ्यांचं पाणी खाली गेलं आणि सॅमनची पिल्लं कोरड्यात अडकून मेली. त्यावरून २०११ मध्ये नियम आला, १५ मार्च ते १५ मे फ्रॉस्टसाठी पाणी उचलायचं तर मंजूर प्लॅन लागतो. द्राक्षवाले कोर्टात गेले, पण २०१४ मध्ये अपील कोर्टाने नियम कायम ठेवला, आणि खरं सांगायचं तर बरोबरच झालं.

मोठ्या पंख्यांना पाणी लागत नाही, मान्य, पण वर गरम हवेचा थर असेल तरच ते कामाचे आणि रात्रभर आवाज असा की शेजारी बोलायचा बंद होतो.

निफाडचा मावसभाऊ विचारत होता, दादा आपल्याकडे लावू का. त्याला नको म्हटलं. तिकडची थंडी येते डिसेंबर-जानेवारीत, ऑक्टोबर छाटणीच्या बागेत तेव्हा घड लागलेले असतात, वरून रात्रभर भिजवलं तर मणी तडकायचे, कुजायचे, वर डाऊनी या बुरशीच्या रोगाला आयतं आमंत्रण. तिकडे शेकोट्या आणि पहाटे ड्रिपने पाणी, हेच बरं.

घेणाऱ्यांनी ओल्या बल्बचा (बल्बवर ओलं कापड गुंडाळलेला) थर्मामीटर घ्याच. साधा थर्मामीटर बघून सुरू केलं आणि हवा कोरडी असली तर पहिल्या पाण्यालाच तापमान आणखी खाली घसरतं. आम्ही ओला बल्ब शून्याच्या थोडा वर असतानाच पंप चालू करतो, आणि सकाळी ऊन आलं तरी बंद करायची घाई करत नाही, ओला बल्ब परत शून्याच्या वर जाऊन बर्फ आपोआप गळायला लागेपर्यंत चालूच.