21700 सेलची टॉर्च वर्षभर शेतात वापरल्यावर: उजेड पास, रबरी झाकण नापास

आधी झाकणाचं लिहितो. टाइप-सी चार्जिंगच्या भोकावर काळ्या रबराचं जे झाकण असतं, ते. करंगळीच्या नखाएवढा तुकडा, बारीक शेपटीवर लटकलेला. अर्धा पावसाळा होईतो ती शेपटी सैल पडली, सप्टेंबरात झाकण दाबूनही बसेना झालं, आणि धान गर्भात आलेला असताना एका रात्री टॉर्च हातातून बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पडली. लगेच उचलली, पुसली, उजेडही चालू होता. सकाळी चार्जिंगला लावली तर चार्जिंगचा दिवाच लागला नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत आयपी 68 छापलंय, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही अशी हमी. बांधीत पाणी होतं घोट्याएवढं.

टॉर्चचे आकडे घेणाऱ्यांना पाठ असतीलच: 21700 मापाचा एक सेल, 5000 एमएएच, 2000 ल्युमेन (एकूण उजेड), 300 मीटर थ्रो (झोत पोचण्याचं अंतर). मला 3,400 रुपयांना पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हेच झाकण या किमतीच्या कितीतरी टॉर्चना असतं आणि माझं म्हणणं त्या सगळ्यांना लागू आहे.

आमचं वावर नागभीड तालुक्यात, जंगलाला लागून. ब्रह्मपुरी वनविभागातले वाघ व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत नसतात, ते आमच्या पांदणीनेच येतात-जातात. शेतीची थ्री-फेज लाइन पाळीपाळीने येते आणि रात्रीची पाळी आली की मोटर सुरू करायला, एका बांधीचं पाणी दुसरीत सोडायला अंधारात जावंच लागतं. वरून डुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय. जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, जाणाऱ्याच्या हातात काठीआधी बॅटरी (आमच्याकडे टॉर्चला हेच म्हणतात) लागते. तरी शेजारच्या वावरातले काका म्हणालेच, "काहून भाऊ, साडेतीन हजाराची बॅटरी? बाजारात तीनशेत भेटते." त्या तीनशेच्या बॅटऱ्या आमच्या घरी पोतंभर पडल्या आहेत. आत शिसं-आम्लाची छोटी बॅटरी असते, ती महिना-दोन महिने उतरलेली राहिली की पुन्हा चार्ज धरत नाही, आणि बदलून घ्यायला गेलं तर दुकानदार नवीच दाखवतो. दर हंगामाला तीनशे घालण्यापेक्षा एकदाच नीट घ्यावी, एवढाच माझा हिशेब होता.

उजेडाबद्दल तक्रार नाही, पण आकड्यांबद्दल आहे. थ्रो 300 मीटर म्हणजे 300 मीटरवर दिसतं असा अर्थ नाही. टॉर्चच्या एफएल-1 मानकात उजेड जिथे पाव लक्सवर येतो ते अंतर थ्रो म्हणून लिहितात, आणि पाव लक्स म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. तेवढ्यात झाड कळतं, झाडाखाली काय बसलंय ते कळत नाही. अंतर अर्धं केलं की उजेड चौपट होतो, म्हणून मी छापील आकड्याचा अर्धाच धरतो. दीडशे मीटरवर धुऱ्यावरचा (बांधावरचा) रोही या टॉर्चने नक्की ओळखू येतो.

2000 ल्युमेनचंही तसंच. 5000 एमएएच गुणिले 3.6 व्होल्ट म्हणजे 18 वॉट-अवर. वॉटला शंभर ल्युमेन मिळाले असं धरलं तर 2000 ल्युमेनला 20 वॉट लागतात, म्हणजे तासभरसुद्धा पुरत नाही. आणि तेवढी उष्णता हातात मावेल एवढ्या नळीला झेपत नाही. दोन-तीन मिनिटांत अंग तापतं आणि टॉर्च स्वतःहून उजेड उतरवते. खोक्यावर टर्बोपुढे (सगळ्यात जास्त उजेडाच्या मोडपुढे) साडेतीन तास लिहिलंय ते खोटं नाही, कारण मानकात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे शेवटी 200 ल्युमेन उरले तरी तो वेळ धरलेला असतो. घेणाऱ्याने टर्बोचा आकडा सोडून द्यावा आणि टॉर्च सलग किती ल्युमेन धरून ठेवते ते बघावं. माझी सातशेच्या आसपास धरते आणि धानाच्या वावराला ते भरपूर आहे.

रोही आणि डुकरासाठी उजेड वेगवेगळा लागतो, हे मात्र विकणारा कोणी सांगत नाही. रोही, चितळ, बिबट, वाघ यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो. त्यामुळे बारीक झोत लांबवर पोचला तरी डोळे चमकतात आणि आपण जागीच थांबतो. डुकराच्या डोळ्यात तो थर नसतो. काळं अंग, ओली माती आणि न चमकणारे डोळे. लांब थ्रोचा छोटा गोल फिरवत बसलात तर अख्खा कळप गोलाच्या बाजूने हरभऱ्यात शिरतो. तिथे पसरट उजेड हवा, पन्नास-साठ मीटरवर अंगाचा आकार दिसेल असा. या टॉर्चचा मधला झोत आणि भोवतालचा पसारा यांचा मेळ चांगला आहे. काच पुढे-मागे सरकवायची झूमवाली टॉर्च आमच्याकडे आधी होती. ती झूम केली की एक चौकोनी ठिपका पडायचा आणि सरकत्या जागेतून पाणी आत जायचं.

सगळ्यात जास्त वापरलेला मोड दीडशे ल्युमेनचा. पायवाटेवर तोच. पावसाळ्यात मण्यार रात्रीच फिरते आणि ती चावलेली बऱ्याचदा कळतही नाही, त्यामुळे उजेड पावलापुढे हवा, आभाळात नको. दुसरं कारण याहून वाईट. डुकरासाठी धुऱ्याने उघडी तार लावून तिच्यात थेट लाइनचा करंट सोडणारे लोक अजून आहेत. गुन्हा आहे, त्यात माणसं मेली आहेत, वाघ मेले आहेत. कुंपणाला लावतात त्या सौर झटका मशीनचा झटका क्षणभराचा असतो, तो जनावराला हाकलतो. ही तार मारते. लांब झोतात ती दिसत नाही. पाच-सात मीटरवर कमरेपासून तिरपा, पसरट उजेड टाकला तर चमकते. दुसऱ्याच्या धुऱ्यावर चढण्याआधी मी तसा उजेड टाकल्याशिवाय पाय ठेवत नाही आणि घरच्या सगळ्यांना तेच सांगून ठेवलं आहे.

डिसेंबरात सकाळी धुकं पडतं तेव्हा या टॉर्चचा थंड पांढरा रंग त्रास देतो, समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. कमरेजवळ धरली की जरा बरं. पुढची घेताना 5000 केल्विनच्या आसपासची, म्हणजे कमी निळसर उजेडाची, घेईन. मातीचा आणि सापाचा रंगही त्यात वेगळा कळतो.

आता सर्व्हिसचं. कंपनीचं केंद्र नागपुरातही नाही, टॉर्च मुंबईला पाठवायची आणि कुरिअर आपल्या खर्चाने. त्याआधी फोटो मागितले. भोकात गाळ दिसला आणि उत्तर आलं, "पाणी गेल्याने झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही." मी विचारलं, मग 68 कशाला छापलं? त्यांचं म्हणणं, ते झाकण पूर्ण बंद असेल तरच लागू. आणि झाकण का बंद होत नव्हतं? तर म्हणे, वापराने सैल होतं. चार्जिंग करण्यासाठीच दिलेलं झाकण चार्जिंग केल्याने सैल होणार असेल, तर दोष झाकणाचा आहे, वापरणाऱ्याचा नाही. एवढी सरळ गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत मान्य केली नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तेव्हा कुठे त्यांचा स्वतःहून फोन आला आणि नवीन टॉर्चवर सवलत देऊ केली. मला सवलत नको होती, झाकण हवं होतं. ते सुटं विकत नाहीत. साडेतीन हजाराच्या वस्तूचं पाच-दहा रुपयांचं रबर सुटं मिळत नाही, याचा मला टॉर्च बिघडल्यापेक्षा जास्त राग आहे.

झाकणाचं आणि सर्व्हिसचं मी दिवाळीआधी लिहून ठेवलं होतं आणि एक स्टार देणार होतो. त्यानंतर बरंच बदललं.

तालुक्याच्या ठिकाणी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराने टॉर्च उघडली, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुतली आणि सांगितलं की फक्त चार्जिंगचा भाग गेला, एलईडीचं सर्किट ठीक आहे. सेल बाहेर निघतो, तोही साध्या मापाचा. 21700 म्हणजे 21 मिलिमीटर जाड, 70 मिलिमीटर लांब, कोणत्याही कंपनीचा चालतो. म्हणून वेगळा चार्जर घेतला, एक जास्तीचा सेल घेतला आणि ते भोक सिलिकॉनने कायमचं बुजवून टाकलं. आता एक सेल घरी चार्ज होतो, एक टॉर्चमध्ये असतो, आणि पाणी शिरायला जागाच उरलेली नाही. नवी असताना होती त्याहून ती आता जास्त भरवशाची आहे. त्यानंतरच्या अवकाळी पावसात ती दोनदा चिंब झाली आणि काही झालं नाही. सेल आत कायमचा बसवलेली टॉर्च असती तर सप्टेंबरातच कचऱ्यात गेली असती. त्यामुळे माझ्या मते ल्युमेनच्या आधी विचारायचा प्रश्न हा: सेल निघतो का, आणि माप कोणतं?

जास्तीचा सेल घेताना मात्र सांभाळा. सेफ्टी सर्किटवाला सेल 70 मिलिमीटरहून थोडा लांब भरतो, तो आपल्या टॉर्चमध्ये मावतो का ते बघा. माझ्या टॉर्चला वर बटणासारखा उंचवटा असलेलाच सेल लागतो, सपाट डोक्याचा टेकत नाही. आणि बाजारात 18650 वर (याहून थोड्या लहान मापाच्या सेलवर) 9900 एमएएच छापून विकतात, ते साफ खोटं. चांगल्यातला चांगला 18650 साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असतो. खरा सेल 45 ते 50 ग्रॅम भरतो. बाजारातला एक मी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तर तो तीसच्या वर गेला नाही. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर टाकू नका, दोन टोकं जोडली गेली तर आग लागते. त्यासाठी प्लॅस्टिकची डबी मिळते, वीस-तीस रुपयांत.

उन्हाळ्यात आणखी एक पथ्य पाळावं लागतं. लिथियमचे सेल साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात आणि आमच्याकडे मे महिन्याची दुपार तिथपर्यंत जातेच. पत्र्याखालच्या खोलीचं तर विचारूच नका. चार्जिंग पहाटे करतो. गाडीच्या डिक्कीत टॉर्च ठेवत नाही. जागल नसते त्या महिन्यांत सेल अर्धा भरून, बाहेर काढून, मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवतो. पूर्ण भरलेला सेल उन्हाळ्यात तसाच ठेवला तर लवकर म्हातारा होतो. सेल आत असेल तर शेपटाचं झाकण अर्धा फेरा सैल करतो, त्याने बटण चुकून दाबलं जात नाही आणि सर्किट जो थोडा थोडा करंट पीत राहतं तोही थांबतो.

आणि हो, चार्जिंग चालू होतं तेव्हासुद्धा सी-टू-सी (दोन्ही टोकं टाइप-सी) केबलवर ती चार्ज होत नव्हती. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली ए-टू-सीच लागायची.

एक स्टारवरून तीनवर आलो आहे. उजेड, सेल आणि अंगाची मजबुती यांचे चार होतात, झाकणाचा एक कापला. लहान भावासाठी दुसरी घ्यायची आहे, मृग लागायच्या आत. ती चार्जिंगचं भोक नसलेली, नुसती सेलवाली बघतोय. चार्जर घरी आहेच, त्यामुळे तीही हजारभर रुपयांनी स्वस्त पडते. झाकणासाठी कंपनीला पुन्हा मेल केली आहे. सुटं पाठवायला लागले तर कापलेला स्टार परत देईन.