फॅटी लिव्हर: महिनाभर सूप की सहा महिने बेताचं जेवण?

सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर ग्रेड २', म्हणजे यकृतात मध्यम चरबी साठल्याचं आलं आणि मालवणच्या आमच्या वहिनी पेचात पडल्या. वजन महिनाभर सूपवर राहून झटपट उतरवायचं, की बेताचं जेवून सहा महिन्यांत सावकाश?

यकृताला दोन्हीने फरक पडतो. वजन ५ टक्के घटलं तरी चरबी कमी होते. यकृताची सूज ओसरायला ७ ते १० टक्के घटावं लागतं. ८० किलोच्या वहिनींना म्हणजे साधारण ६ ते ८ किलो. पण आठवड्याला दीड किलोहून जास्त उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची भीती, शिवाय स्नायूही झिजतात.

हार्मोन्सचं म्हणाल तर इन्सुलिन दोन्हीकडे उतरतं, पाळी सुधारायलाही मदत होते. मात्र पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि भूक खवळते. ती सूपने भागत नाही हो! भाताची एकच मूद, कुळथाची पिठी, तव्यावरचा बांगडा, असं ताट असेल तर निभावतं.

खर्च? बांगडा तसाही घरात येतोच.

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेआधी यकृत लहान करायचं असेल तर झटपट आहार, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मधुमेहाची औषधं चालू असतील तर स्वतःच्या मनाने अजिबात नको. वहिनींना सावकाशच बरं, आणि जोडीला संध्याकाळी मालवणच्या चिवला किनाऱ्याच्या वाळूत चालणं. नियमित चाललं तर काटा न हलताही यकृतातली चरबी उतरू शकते.