एपी मायक्रोचं ‘किट’ आणि माझे ९८८ डॉलर

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. ९८८ डॉलर. २३९, मग ९९, मग ६५०. चार दिवसांत तीन फोन, तिन्ही भामट्यांचे. आणि हे माझ्या बाबतीत, जो आईला दर रविवारी पुण्याला फोन करून ‘ओटीपी कुणाला सांगू नकोस’ म्हणून बजावतो.

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी अकरावीत, एपी मायक्रोइकॉनॉमिक्सची परीक्षा मेच्या सुरुवातीला. एपी म्हणजे शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा. जानेवारीत तिचे सर रजेवर गेले आणि बदली आलेल्या बाईंनी अपूर्ण स्पर्धेचं प्रकरण कसंबसं उरकलं. मोनोपॉलीच्या आकृतीत सीमांत महसुलाची रेषा मागणीच्या रेषेखाली का जाते, हे घरात कुणालाच समजावता येईना. त्यात ओळखीच्या पालकांच्या ग्रुपवर रोज कुणाच्या तरी मुलाला पाचपैकी पाच. जीव टांगणीला लागलेला असताना माणूस काय करेल ते सांगता येत नाही, एवढंच म्हणतो.

फोनवरचा माणूस म्हणाला, कॉलेज बोर्डातून, म्हणजे एपी परीक्षा घेणाऱ्या संस्थेतून बोलतोय, तुमच्या मुलीने तयारीचं साहित्य मागवलंय, पत्ता हाच ना? पत्ता बरोबर, शाळा बरोबर, विषयही बरोबर. ही माहिती त्यांना कुठून मिळाली ते अजून कळलेलं नाही. २३९ डॉलर अनामत, तीस दिवसांत साहित्य परत केलं की पैसे परत. मी डेबिट कार्डाचा नंबर वाचून दाखवला. क्रेडिट कार्ड त्याच पाकिटात, वरच्याच कप्प्यात होतं. निदान ते द्यायचं.

दोन दिवसांनी दुसरा फोन. परीक्षेची जागा पक्की झालेली नाही, ९९ डॉलर भरा, उशिराचे ४० आम्ही माफ करतो.

झोप उडते ती इथे. परीक्षेची फी मी नोव्हेंबरमध्येच शाळेत भरली होती, बरोबर ९९ डॉलर. एपीची नोंदणी शाळेतूनच होते, शाळेचा कोऑर्डिनेटर करतो. बोर्ड पालकाला फोन करून कार्डाचा नंबर विचारत नाही. मला हे माहीत होतं हो! पावती ईमेलमध्ये होती. मी म्हणालोसुद्धा, “आम्ही भरलेत.” तो म्हणाला, “सर, ती शाळेची, ही बोर्डाची.” मी ‘ओके’ म्हणालो. जिन्यावरून लेक ओरडली, “बाबा, कोण आहे? बोर्डाच्या एपी क्लासरूम साइटवर सगळं फुकट आहे!” मी तिला हातानेच गप्प केलं. वर तो लांब उत्तराचे प्रश्न चार असतात म्हणाला. ते तीन असतात. साठ पर्यायी प्रश्नांना सत्तर मिनिटं आणि या तिनांना एक तास, हे शाळेच्या पत्रकावर छापलेलं होतं आणि ते पत्रक आमच्या फ्रिजवर लावलेलं होतं.

तिसऱ्या वेळी ६५०, थेट बँकेतून. लेखी उत्तरं तपासून देणार आणि अनामत लगेच परत करणार म्हणे. आधीचे ३३८ बुडू नयेत म्हणून हेही भरले. लेकीने नंतर शांतपणे सांगितलं की बुडालेला खर्च पुढचा निर्णय घेताना धरायचा नसतो, त्यांच्या अभ्यासातच आहे. मला वाटतं ती रागावली असती तर बरं झालं असतं.

आलं काय, तर ६२ पानांची पीडीएफ. अर्धी पानं म्हणजे बोर्डाच्या साइटवर गुणदान पद्धतीसकट फुकट मिळणारे जुने प्रश्न. उरलेल्यात महागाई आणि पैशाचा पुरवठा. “बाबा, हे मॅक्रो आहे. दुसराच विषय.”

मग सुरू झाली वरात. बँकेत ४१ मिनिटं संगीत ऐकल्यावर एकच प्रश्न, “पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?” हो. मग विषय संपला. कार्डाचे २३९ तेवढे सात आठवड्यांनी परत आले, तेही रोज फोन केल्यावर. पैसे थेट पाठवले की गेले, समजून चाला. पोलीस चौकीत हवालदारसाहेबांनी विचारलं, तो कुठून बोलत होता? ते माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? घरी येऊन तक्रारीची प्रत वाचली, तर विषयाच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट’. दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज, तो फक्त मंगळवारी. सरकारी साइटवर अर्धा तास फॉर्म भरला, शेवटी कळलं की एकेकट्याच्या तक्रारीची सोडवणूक तिथे होत नाही. मग फोन नंबर, तारीख, वेळ, माझं वय कशाला विचारता? शाळा म्हणाली, सप्टेंबरच्या पत्रकात सावध केलं होतं. शोधलं. चौदाव्या मुद्द्यात, बेक सेलच्या खाली.

असा फोन आला तर ठेवा आणि शाळेच्या कोऑर्डिनेटरला तुम्ही स्वतः करा. मुलं ओरडली तर ऐका.

जूनमध्ये पुन्हा एक फोन आला. ‘रिफंड विभाग’. तुमचे ७४९ डॉलर परत मिळवून देतो, १२० प्रक्रिया शुल्क. आकडा अगदी बरोबर होता, म्हणजे एकदा फसलेल्यांची यादी हे पुढे विकतात किंवा तेच पुन्हा फोन करतात. खोटं कशाला बोलू, उत्तर द्यायच्या आधी माझा हात पाकिटाकडे गेला होता.