दिनविशेषावर रोज एक प्रश्न: साल विचारायचं, पर्याय द्यायचे, क्रम लावायला सांगायचं की धागे सोडायचे?

रोज एक प्रश्न, तोही त्या त्या तारखेच्या इतिहासावर, असं ठरवायला काही लागत नाही. मित्रांचा गट असो, वर्ग असो की ऑफिस, सुरुवातीला उत्साह असतोच. खरी अडचण लवकरच लक्षात येते: आज तारीख काय, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि विकिपीडियावर वर्षातल्या प्रत्येक तारखेचं वेगळं पान आहे. ‘१४ मार्चला कोणत्या शास्त्रज्ञाचा जन्म झाला?’ असं विचारलंत की पान उघडायचं, आइनस्टाइनचं नाव उचलायचं, झालं. उत्तरपत्रिका प्रश्नाबरोबरच वाटलेली असते. म्हणून प्रकार निवडताना माझी कसोटी एकच आहे: तारखेचं पान समोर असूनही डोकं चालवावं लागतं का?

साल विचारणं करायला सर्वांत सोपं. ‘बरोबर की चूक’ अशी तपासणी ठेवलीत तर मात्र तो पाठांतराचा खेळ होतो आणि रोज तेच दोघे-तिघे जिंकतात. त्यापेक्षा ‘जवळ जाईल तो जिंकेल’ असा नियम करा. मग माणूस अंदाज बांधायला लागतो: तेव्हा आगगाडी होती का, टेलिफोन आला होता का? फक्त गुणांची पट्टी सगळीकडे एकच ठेवू नका. चंद्रावर माणूस १९६३ मध्ये उतरला म्हणणारा सहाच वर्षांनी चुकला, पण ती चूक मोठी आहे. कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) १४३० साली तुर्कांच्या हाती पडलं म्हणणारा २३ वर्षांनी चुकूनही विचार बरोबर दिशेने करतोय (२९ मे १४५३ हे खरं उत्तर). घटना जितकी जुनी तितकी सवलत जास्त. एवढं सगळं करूनही साल एका टिचकीवर सापडतं, त्यामुळे हा प्रकार समोरासमोर किंवा घड्याळ लावूनच खेळवावा.

बहुपर्यायी प्रश्नांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारातून एकदा बरोबर येतं. पटण्याजोगे तीन चुकीचे पर्याय रोज शोधणं हे कंटाळवाणं काम आहे. इतरांनी काय निवडलं ते आधीच दिसत असेल तर खेळ तिथेच संपला. गट खूप मोठा असेल आणि तपासणी यंत्राने करायची असेल, तरच याला पर्याय नाही.

मला स्वतःला क्रम लावण्याचा प्रकार सर्वांत जास्त पटतो. १२ एप्रिलचंच घ्या. तीन घटना: अंतराळात जाणारा पहिला माणूस गागारिन याचं उड्डाण, साल्क यांची पोलिओ लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याची घोषणा, अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा मृत्यू. तिन्ही एकाच तारखेच्या. पोलिओची लस आधी की अंतराळातला माणूस आधी? इथे बरेच जण अडखळतात. क्रम असा: १९४५ ला रूझवेल्ट, १९५५ ला लस, १९६१ ला गागारिन. उत्तर सांगताना मजा वाढते. रूझवेल्ट यांना स्वतःला पोलिओने अधू केलं होतं, त्यांनीच उभ्या केलेल्या संस्थेच्या पैशातून साल्क यांचं संशोधन झालं, आणि लसीची घोषणा त्यांच्या दहाव्या स्मृतिदिनी झाली. चौथी घटना जोडायची तर ‘कोलंबिया’ या अंतराळयानाचं पहिलं उड्डाण, १२ एप्रिल १९८१, गागारिननंतर बरोबर २० वर्षांनी. हा मात्र निव्वळ योगायोग: उड्डाण १० एप्रिलला ठरलं होतं, संगणकातल्या बिघाडामुळे दोन दिवस पुढे गेलं. कुठली जुळणी मुद्दाम साधलेली आणि कुठली आपोआप झालेली, ही चर्चा क्रमाच्या प्रश्नातूनच निघते. शोधून उत्तर देणारा इथेही असतोच, पण तीन-चार नोंदी हुडकून जुळवेपर्यंत त्याच्या हाती थोडा इतिहास लागलेला असतो. माझी त्याला हरकत नाही.

धागे सोडण्याचा प्रकार जमला तर सर्वांत रंगतो. २४ मे: सकाळी पहिला धागा, हा माणूस पेशाने व्यक्तिचित्रं काढणारा चित्रकार होता. दुपारी दुसरा, त्याने आजच्या दिवशी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला काहीतरी धाडलं. ते नेणारा माणूस नव्हता, घोडा नव्हता, आगगाडीही नव्हती. संध्याकाळी तिसरा, टिंबं आणि रेघा. सॅम्युएल मोर्स, १८४४. तारखेचं पान उघडलं तरी तारयंत्राची आणि चित्रकाराची सांगड स्वतःलाच घालावी लागते. पण यात घासाघीस फार. पहिलाच धागा सोपा निघाला तर दिवस वाया, अवघड निघाला तर दुपारपर्यंत शांतता, आणि प्रश्न घालणाऱ्याला दिवसभर हजर राहावं लागतं. रोज हे करू म्हणणारे लवकरच थकतात.

त्यामुळे सल्ला विचाराल तर एरवी क्रम आणि आठवड्यातून एकदा धागे. सगळे एका खोलीत असतील तेव्हा साल. वाचनाची आवड असलेल्या पाच-सहा जणांचा गट असेल आणि कामं वाटून घेता येत असतील, तर धागे जास्त वेळा चालतील.

क्रमाच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, ती सुरुवातीला कुणी लक्षात घेत नाही. तारखा स्वतःच पक्क्या नसतात. रशियातली ‘ऑक्टोबर क्रांती’ तिथल्या तेव्हाच्या कॅलेंडरप्रमाणे २५ ऑक्टोबर १९१७ ची, आजच्या हिशेबाने ७ नोव्हेंबरची. आर्मस्ट्राँगचं पाऊल चंद्रावर पडलं तेव्हा ह्यूस्टनमध्ये २० जुलैची रात्र होती, ग्रिनिचच्या वेळेनुसार २१ तारीख लागली होती. जुनं कॅलेंडर सोडून आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारताना इटली आणि स्पेनमध्ये १५८२ सालच्या ५ ते १४ ऑक्टोबर या तारखा उगवल्याच नाहीत, ४ नंतर थेट १५. क्रम लावताना असा दहा-बारा दिवसांचा फरक सहसा आड येत नाही. पर्याय देताना मात्र दोन उत्तरं बरोबर ठरू शकतात, आणि साल विचारताना तर पंचाईतच. न्यूटन जन्मला तेव्हा इंग्लंडमध्ये २५ डिसेंबर १६४२ होता, ग्रेगोरियन कॅलेंडरनुसार ४ जानेवारी १६४३. म्हणून साल विचारायचंच असेल तर कोणतं कॅलेंडर धरलंय ते प्रश्नातच लिहा. उत्तर जाहीर करताना लिहिलंत तर १६४२ वाले आणि १६४३ वाले दोघेही गुण मागायला येतील, आणि तुम्हाला ते द्यावे लागतील.