बाराबंदी शिवण वर्ग, बाळीवेस: चौबगल्यासाठी जावं, कापड मात्र घरून न्यावं

सोलापुरात बाराबंदी, म्हणजे बारा बंदांनी (कापडी नाड्यांनी) बांधायचा अंगरखा, ही नुसती काचेच्या कपाटात बघायची वस्तू नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर (मिरवणुकीतल्या उंच, सजवलेल्या काठ्यांबरोबर) निघणारे भक्त आजही तीच घालतात. त्यामुळे ती रोजच्या सवयीनं शिवणारे हात गावात आहेत, आणि बाळीवेशीतल्या या दोन दिवसांच्या वर्गात तेच शिकवतात.

सगळ्यात उत्तम शिकवला जातो तो चौबगला, म्हणजे काखेतला पाच इंची चौकोन. मास्तर आधी त्याच्याशिवाय बाही जोडून दाखवतात. हात वर केला की अख्खी बाराबंदी कमरेवरून वर सरकते. मग चौकोन कर्णावर दुमडून अर्धा बाहीला, अर्धा अंगाला, म्हणजे बाराबंदीच्या धडाला. टीप कोपऱ्याच्या अलीकडे, मायेइतकं (शिवणीबाहेर ठेवलेल्या कापडाइतकं) अंतर सोडून थांबवायची. टोकापर्यंत नेली की चुणी पडते, आणि ती इस्त्रीनं जात नाही.

बंदांचं कामही चोख. गळ्याची कड तिरकी असल्यानं ताणून सैल होते, म्हणून आधी पट्टी, मगच बंद. प्रत्येक बंदामागे कापडाचा छोटा तुकडा लावून घेतात, नाहीतर गाठ मारताना बंदाबरोबर कापडही फाटतं. बाजारातल्या फॅन्सी ड्रेसवाल्या बाराबंदीत बंद नुसते शोभेला आणि आत टिचबटण. तिच्यावरून काही शिकता येत नाही.

खटकतं ते कापड. वर्गात ४४ इंची पन्ह्याचं (रुंदीचं) पॉपलीन देतात आणि बाजूच्या कळ्या (घेर देणारे तिरके तुकडे) अंगाबरोबरच अखंड कापतात. वेळ वाचतो, पण मुद्दाच निसटतो. जुन्या हातमागाचा पन्हा अरुंद असायचा. सरळ पट्टे, वेगळ्या कळ्या, जोडाजोड हे सगळं त्या पन्ह्यात चिंधी वाया न घालवता बसवलेलं गणित आहे. ३६ इंची पन्ह्याचा मांजरपाट (जाडसर सुती कापड) तीन मीटर न्यावा, मध्यम अंगाला पुरतो. आदल्या दिवशी भिजवून वाळवून ठेवावा. कोरा शिवला तर पहिल्याच धुण्यात लांबीला आटतो आणि बाही मनगटाच्या वर जाते. कळ्या वेगळ्या कापायच्या आहेत, असं आधीच सांगावं. मास्तर कुरकुरतात, पण दाखवतात.

दुसऱ्या दिवशी शिवणी मशीनवर उरकतात. जुन्या धाटणीची हवी असेल तर दिसणाऱ्या कडा तरी धावदोऱ्यानं टाचून घरी हातानं हेम कराव्यात.

डिसेंबरात जाऊ नये. तेव्हा टेबलावर यात्रेच्या ऑर्डरी असतात.