जुन्या पीसीचा मीडिया सर्व्हर : सात महिन्यांच्या वापरानंतर

२०१४ साली घेतलेला आमचा डेस्कटॉप गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात निघाला होता. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि त्यातला आय५-४५७० प्रोसेसर विंडोज ११ला चालत नाही. पण बाबांनी १९८६मध्ये टेप केलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी त्याच सुमारास कॅसेटवरून उतरवून घेतल्या होत्या, आणि आईला त्या हॉलमध्ये, टीव्हीवर ऐकायच्या होत्या. म्हणून त्यावर डेबियन (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) आणि जेलीफिन (पीसीवरची गाणी-पिक्चर घरातल्या टीव्हीवर पोचवणारा मीडिया सर्व्हर प्रोग्रॅम) टाकलं. सिस्टिम २४० जीबीच्या एसएसडीवर, बाकी सगळं ४ टीबीच्या हार्ड डिस्कवर. हे एका संध्याकाळचं काम. खरी मेहनत आवाजाची.

आई हॉलमध्येच झोपते, त्यामुळे पीसी रात्रभर घरघरत राहिलेला चालणार नव्हता. सगळ्यात मोठा आवाज ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याचा होता. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहेच, म्हणून कार्ड काढूनच टाकलं. प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये) धुळीचा जाड थर बसला होता आणि दोघांमधल्या थर्मल पेस्टचा सुकून खडू झाला होता. दोन्ही साफ करून नवी पेस्ट लावली, मागचा पंखा १२० मिमीचा घेऊन बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) त्याचा वेग कमी केला. तरी एक बारीक गुणगुण उरलीच. कुठून येते कळेना. एका रात्री कॅबिनेटच्या पत्र्यावर तळहात टेकवला आणि ती थांबली. हात उचलला, पुन्हा सुरू. डिस्कची थरथर पत्र्यात उतरत होती! डिस्कच्या चारही स्क्रूंखाली रबरी वॉशर घातले आणि ती गुणगुण गेली. आता ओव्या लागल्या की टेपची खरखरसुद्धा स्वच्छ ऐकू येते.

पिक्चरच्या बाबतीत या प्रोसेसरची मर्यादा समजून घ्यायला हवी. एच.२६४ (व्हिडिओ साठवायची जुनी पद्धत) तो हार्डवेअरवर उलगडतो, एचईव्हीसी (त्यानंतरची नवी पद्धत) नाही. टीव्ही फाइल थेट वाजवू शकत असेल तर सर्व्हरला जवळपास काहीच काम नसतं. पण चित्राच्या रूपातली सबटायटल्स लावली, की ती व्हिडिओत मिसळण्यासाठी अख्खा व्हिडिओ पुन्हा एन्कोड होतो, म्हणजे नव्याने तयार होतो, चारही कोअर शंभर टक्क्यांवर जातात आणि पंखा बोंबलतो. त्यासाठी सबटायटल्स वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात, ठेवा. माझा निम्मा वैताग तेवढ्याने संपला.

नेटवर्कला वायरच वापरा, आणि ती नीट तपासा. आमच्या भिंतीतल्या केबलच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या निघाल्या. त्यामुळे वेग १०० एमबीपीएसवर अडकला होता आणि ५०० जीबी कॉपी करायला जवळजवळ तेरा तास लागले. पिक्चर बघायला तेवढा वेग पुरतो, पण कॉपी करताना जीव जातो. आठही तारा जोडून घेतल्यावर तेच काम दीड तासाच्या आत होतं.

आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते. लाइट आली की पीसी आपोआप सुरू व्हावा, अशी सोय बायोसमध्ये असते. ती मी केलीही होती, पण डिसेंबरमध्ये एकदा लाइट आल्यावर सर्व्हर दिसेचना. मॉनिटर जोडला तर एफ१ दाबायचा निरोप घेऊन बसलेला! बायोसची सेटिंग्ज टिकवून ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता आणि सगळी सेटिंग्ज पुसली गेली होती. जुन्या पीसीत तो सेल पहिल्याच दिवशी बदला.

नुसता चालू असताना माझा पीसी ३४ वॅट घेतो, म्हणजे महिन्याला साधारण २५ युनिट. नवा मिनी पीसी याहून बराच कमी घेईल, पण त्यात साडेतीन इंची डिस्क बसत नाही, आणि हा तर घरात होताच. उन्हाळ्यात कॅबिनेट शोकेसच्या बंद कप्प्यातून बाहेर काढावं लागलं. आता ते टीव्हीमागे उघड्यावर असतं आणि तिथे पंख्याचा वेग वाढत नाही.

एकाच डिस्कवर भरवसा ठेवू नका. ओव्या आणि घरचे फोटो मी दुसऱ्या डिस्कवर घेऊन सांगलीला बहिणीकडे ठेवलेत. दर दोन महिन्यांनी जातो तेव्हा ती डिस्क अपडेट करून येतो.