अकरावी आर्ट्सला राज्यशास्त्र घेऊ की भूगोल? कोकणातल्या पोरांसाठी

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात घराघरात हीच चर्चा. आर्ट्स ठरलं, इंग्रजी-मराठी आहेच, इतिहास आणि अर्थशास्त्र घेऊन झालं, आणि शेवटी गाडी अडते ती राज्यशास्त्र की भूगोल इथं.

आधी मार्कांचं बोलून टाकू. दोन्हीला लेखी ८० चं, उरलेले २० भूगोलाला प्रॅक्टिकलचे आणि राज्यशास्त्राला प्रकल्प नाहीतर तोंडीचे. ज्याचा हात नकाशा-आकृतीवर चांगला चालतो आणि जर्नल वेळेवर पूर्ण करायची सवय आहे त्याला भूगोलात मार्क पडतात, त्यात वाद नाही. राज्यशास्त्र मात्र "पाठ केलं की झालं" म्हणून घेऊ नका हं. पेपरात चूक की बरोबर ते सकारण लिहा, सहसंबंध स्पष्ट करा, मत नोंदवा असले प्रश्न असतात, तिथं स्वतःच्या शब्दांत चार वाक्यं धड लिहिता आली पाहिजेत.

आता शिकायला काय मिळतं ते बघा. भूगोलात बारावीला लोकसंख्या, स्थलांतर, वस्त्या, मासेमारी-शेतीसारखे व्यवसाय, म्हणजे गावं रिकामी होऊन माणसं मुंबईला का गेली ते नीट कळतं. राज्यशास्त्रात अकरावीला राज्य, स्वातंत्र्य, हक्क, समता, न्याय, प्रतिनिधित्व, न्यायमंडळ असं मुळापासून सुरू होतं आणि बारावीला सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरचं जग, जागतिकीकरण, सुशासन, भारत आणि जग.

फरक खरा कळतो तो बंदरावर. मालवणात पारंपरिक रापणवाले (किनाऱ्यावरनं जाळं ओढणारे) आणि पर्ससीनवाले (यांत्रिक बोटीनं मोठं जाळं टाकून अख्खा थवा घेरणारे) यांचा वाद सगळ्यांनी ऐकलाय. मासळी किनाऱ्याजवळ का सापडते, उथळ समुद्राचा आणि प्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचा, जे माशांचं खाद्य असतात) त्याच्याशी काय संबंध, हे भूगोल सांगतो. पण कोणी कुठं आणि कुठल्या जाळ्यानं मासेमारी करायची हे ठरवतं कोण? किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत मासेमारीचा विषय राज्याचा, घटनेतल्या राज्यसूचीत (राज्यांच्या विषयांच्या यादीत) आहे तो, म्हणून महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा तिथं लागू होतो, आणि त्या हद्दीच्या पलीकडं गेलं की विषय संघसूचीतला, केंद्राचा. म्हणजे होडी तीच, समुद्र तोच, पण १२ मैलांनंतर दाद मागायची जागाच बदलते, आणि हे ज्याला माहीत नाही तो निवेदन घेऊन चुकीच्या दारात उभा राहतो. संघराज्य म्हणजे काय हे पोरांना याहून चांगलं कुठं कळणार? जैतापूरला अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्ध, नाणार-बारसूला रिफायनरीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तेव्हासुद्धा प्रश्न हाच होता की निर्णय कोण घेतो आणि गावाचं म्हणणं कुठं पोचतं. पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, तरी आपल्याकडं कितीतरी तरुण पोरं ग्रामसभेला फिरकत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. बारावी संपता संपता मतदार यादीत नाव येतं, त्याआधी हे शिकून झालेलं असावं असं मला ठामपणे वाटतं.

करिअरचं म्हणाल तर घाबरू नका. यूपीएससी-एमपीएससीला कुठल्याही शाखेची पदवी चालते, पाच वर्षांच्या लॉला पण बारावी कुठल्याही शाखेतनं चालते. दोन्ही विषय स्पर्धा परीक्षेत येतातच. पण राज्यघटना सगळीकडं लागते आणि तिचा पाया अकरावीतच घातला गेला तर पुढं क्लासच्या नोट्सवर अवलंबून राहावं लागत नाही. जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं काम), सर्व्हे, पर्यावरण असं डोक्यात असेल तर मात्र सरळ भूगोलच घ्या, राज्यशास्त्राचा तिथं फारसा उपयोग नाही.

आणि एक, आपल्या भागात खूप ज्युनिअर कॉलेजात विषयांचे गट ठरलेले असतात, त्यामुळं अॅडमिशनच्या आधी तिथल्या बारावीच्या पोरांना विचारा की हा विषय शिकवायला सर किंवा मॅडम पूर्णवेळ आहेत का आणि तास खरंच होतात का. मग बालभारतीच्या साईटवरनं दोन्ही विषयांची बारावीची पुस्तकं फुकट उतरवा, भूगोलाचा लोकसंख्येचा धडा आणि राज्यशास्त्राचा १९९१ नंतरच्या जगाचा धडा सलग वाचा. ज्याच्यानंतर घरात कुणाशी तरी त्या विषयावर बोलावंसं वाटेल, फॉर्मवर तोच लिहा. दोन्ही सारखेच आवडले तर माझं मत राज्यशास्त्राला.